रस्ता सगळ्यांचा, बोलणं आपलं

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेल्या काही महिन्यांत 'व्हीपीएन घ्यावं का?' हा प्रश्न तीनदा येऊन गेला. एकदा मामेभावाने विचारला, एकदा बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी आणि एकदा जर्मनीत शिकणाऱ्या भाचीने. तिन्ही वेळा धडाधड उत्तरं आली. 'ते टाकलं की आपण काय करतो ते कुणालाच दिसत नाही' हे त्यातलं सगळ्यात लोकप्रिय. दुसरं, 'ते चोरांसाठी असतं, आपल्याला काय करायचंय.' दोन्ही उत्तरं अर्धवट. गेली वीसेक वर्षं मी नेटवर्कच्याच धंद्यात आहे, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी 'सवडीने लिहितो' म्हणून वेळ मारून नेली. ती सवड आज मिळाली आहे.

व्हीपीएन म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क. मराठीत 'आभासी खाजगी जाळं' म्हणता येईल, पण त्याने काहीच कळत नाही. त्यापेक्षा त्यामागचा प्रश्न समजून घेऊ: रस्ता सगळ्यांचा आहे, त्यावर कोणीही उभं राहून ऐकू शकतं, आणि मला तर माझ्या माणसाशी खाजगी बोलायचंय. काय करू? हा प्रश्न कॉम्प्युटरच्या खूप आधीचा आहे.

१८७० साली समुद्राखालच्या तारांनी मुंबई एडन-सुएझमार्गे लंडनला जोडली गेली. पत्राला जिथे आठवडे लागायचे तिथे निरोप काही तासांत पोचू लागला. कापसाच्या व्यापाऱ्यांना हे वरदानच होतं. पण तार म्हणजे उघडी गोष्ट. इथला कारकून ती वाचणार, मधल्या प्रत्येक स्टेशनावरचा माणूस ती वाचून पुढे ठोकणार, तिकडचा कारकून उतरवून घेणार. भाव काय ठरला हे वाटेतल्या अर्ध्या डझन लोकांना कळणार. शिवाय पैसे शब्दागणिक. मग यातून संकेतकोश आले. एका शब्दाचा अर्थ अख्खं वाक्य. असे कोश छापून विकले जायचे आणि मोठ्या पेढ्या आपापले खाजगी कोशही करून घ्यायच्या. कोशाने पैसेही वाचले आणि बोलणंही झाकलं गेलं. तारेचा मालक दुसराच, पण त्यावरून जाणारा अर्थ आपला.

पुढे १९२७ मध्ये इंग्लंडशी बिनतारी संपर्क सुरू झाला, आणि त्याची हिंदुस्थानातली केंद्रं आपल्या पुण्याजवळच होती. पाठवणारं खडकीला आणि घेणारं दौंडला. बिनतारी म्हटल्यावर तर रस्ता आणखीच उघडा. तारेला निदान कान लावायला जवळ जावं लागतं. लहरी ऐकायला योग्य तो रेडिओ पुरतो.

माझी आत्या सत्तरच्या दशकात सांगलीला ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. कॉल बुक करायचा, तासन् तास वाट पाहायची, आणि लागला की ऑपरेटर मध्ये आहे हे माहीत असूनही बोलायचं. हळदीचे व्यापारी मुंबईला फोन करायचे आणि म्हणायचे, 'मुलगी पाहायला गुरुवारी या.' आत्या हसून सांगायची, एवढ्या मुली सांगलीत नव्हत्याच! तो भाव असायचा, किंवा पोत्यांची संख्या, किंवा 'आत्ता विकू नका' असा इशारा. 

आत्याच्या या गोष्टींत मला पुढे तीन गोष्टी सापडल्या, ज्या आजच्या व्हीपीएनलाही तंतोतंत लागू आहेत. एक, ही सांकेतिक भाषा दोघांनी आधी समोरासमोर बसून ठरवलेली असायची. फोनवर ठरवली असती तर आत्यालाही कळली असती. दोन, मुलगी म्हणजे काय हे आत्याला कळलं नाही तरी कोणी कोणाला, किती वाजता, किती मिनिटं फोन केला हे तिच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं. बाजार वर जायच्या आदल्या दिवशी एकाच पेढीचे पाच कॉल झाले की बोलणं न कळताही बरंच काही कळायचं. आणि तीन, एका पेढीचा मुनीम भांडून दुसऱ्या पेढीत गेला, तेव्हा जाताना ती सगळी भाषा सोबत घेऊन गेला. तारेत काही बिघडलं नव्हतं. फुटलं ते टोकाला.

या तीन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील.

कॉम्प्युटर एकमेकांशी बोलू लागले तेव्हा मोठ्या कंपन्यांनी सगळ्यात सरळ मार्ग धरला. टेलिफोन कंपनीकडून स्वतंत्र लाइन भाड्याने घ्यायची. हीच लीज्ड लाइन. या कचेरीपासून त्या कचेरीपर्यंत चोवीस तास फक्त आपलीच. पण भाडं अंतरावर, आणि तुम्ही बोला नाहीतर गप्प बसा, मीटर चालूच. शिवाय दहा कचेऱ्या प्रत्येकीशी थेट जोडायच्या तर ४५ लाइन्स लागतात. आपल्याकडे सॉफ्टवेअर निर्यातीसाठी १९९० मध्ये जी पहिली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स निघाली त्यात बंगळूर आणि भुवनेश्वरबरोबर पुणंही होतं. त्यांचं एक मोठं काम म्हणजे कंपन्यांना उपग्रहावरून परदेशाशी जोडून देणं. ६४ केबीपीएसची लाइन म्हणजे तेव्हा श्रीमंती वाटायची. आज घरातला फोन त्याच्या हजारपट वेगाने सिनेमा दाखवतो.

मग १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. जगभर तेच होत होतं. स्वस्त, सगळीकडे पोचणारा रस्ता तयार झाला होता. कंपन्यांच्या मनात साहजिकच आलं, एवढा रस्ता असताना लीज्ड लाइनचं भाडं कशाला भरायचं? अडचण एकच, तो रस्ता सगळ्यांचा होता.

इथे इंटरनेट चालतं कसं ते थोडक्यात सांगायला हवं. इंटरनेटवर टेलिफोनसारखी 'लाइन' नसते. आपण जे काही पाठवतो त्याचे तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि मग मजकूर. वाटेतले राऊटर पत्ता वाचतात आणि पुढे ढकलतात, पोस्टात सॉर्टिंग करतात तसं. ही पद्धत आजच्या रूपात अर्पानेटवर १ जानेवारी १९८३ पासून रूढ झाली. तेव्हा जाळ्यावर विद्यापीठं, संशोधनसंस्था आणि लष्कर एवढेच लोक होते. त्यामुळे पॅकेट म्हणजे पोस्टकार्डच होतं. पत्ता एका बाजूला, मजकूर उघडा. पोस्टमन वाचेल याची फारशी भीती नव्हती, कारण निम्मे पोस्टमन ओळखीचेच होते.

व्हीपीएनची मूळ युक्ती दोन वाक्यांत मावते. तुमचं पोस्टकार्ड, पत्त्यासकट, जाड पाकिटात घालून सील करायचं. त्या पाकिटावर वेगळाच पत्ता घालायचा, तुमच्या कचेरीच्या दारवानाचा. दारवान पाकीट फोडतो, आतलं कार्ड काढतो आणि कचेरीत ज्याचं त्याला देतो. उत्तर आलं की ते तसंच पाकिटात घालून तुमच्या घरी पाठवतो. वाटेतल्या पोस्टमनला एवढंच दिसतं, की अमक्या घरातून तमक्या दारवानाला पाकिटं जातायत. आत कोणासाठी काय आहे, ते नाही. यालाच टनेल म्हणजे बोगदा म्हणतात. प्रत्यक्षात बोगदा वगैरे काही नसतं. पाकिटं त्याच गर्दीच्या रस्त्यावरून, इतर कोट्यवधी पाकिटांच्या खांद्याला खांदा लावून जात असतात.

सील म्हणजे अर्थात गणित. मजकूर किल्लीने असा बदलायचा की किल्ली नसलेल्याला नुसता कचरा दिसावा. त्याबरोबर एक छोटा शिक्काही मारायचा, म्हणजे वाटेत कोणी एक अक्षर जरी बदललं तरी दारवानाला कळतं आणि तो पाकीट फेकून देतो.

आता आत्याच्या पहिल्या गोष्टीकडे येऊ. किल्ली ठरवायची कशी? दोघांनी आधी भेटणं हजारो वर्षं अपरिहार्य होतं. राजदूत असोत, गुप्तहेर असोत नाहीतर हळदीचे व्यापारी. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी दाखवून दिलं की भेटायची गरज नाही. राल्फ मर्कल याच दिशेने स्वतंत्रपणे विचार करत होता. (ब्रिटिश गुप्तचर खात्यात जेम्स एलिस, क्लिफर्ड कॉक्स आणि माल्कम विल्यमसन हे त्याआधीच अशा कल्पनांपर्यंत पोचले होते, पण ते गुपित १९९७ पर्यंत बाहेर आलं नाही. गुपितांवर काम करणाऱ्यांचं नशीब असंच!)

छोट्या आकड्यांत करून पाहू. कागद-पेन्सिल घ्या, मजा येते. उघडपणे दोन आकडे ठरवू, ३ आणि १७. हे सगळ्या जगाला कळू देत. मी मनात ६ धरतो. ३ चा सहावा घात ७२९, त्याला १७ ने भागल्यावर बाकी उरते १५. हे १५ मी तुम्हाला ओरडून सांगतो. तुम्ही मनात ७ धरता. ३ चा सातवा घात २१८७, बाकी ११. तुम्ही ११ ओरडून सांगता. आता मी तुमच्या ११ चा सहावा घात घेऊन १७ ने भागतो, बाकी ८. तुम्ही माझ्या १५ चा सातवा घात घेऊन १७ ने भागता, बाकी पुन्हा ८! दोघांकडे तोच आकडा आला, आणि तो आपण कोणीच उच्चारला नाही. मध्ये बसलेल्या आत्याने ३, १७, १५ आणि ११ हे चारही आकडे ऐकले. १७ सारखा छोटा आकडा असेल तर ती दहा मिनिटांत सगळं उलगडेल. पण त्याच्या जागी सहाशेहून जास्त अंकांची संख्या घेतली, की आजच्या कॉम्प्युटरना ते जमत नाही.

मला व्यवसायात येऊन इतकी वर्षं झाली तरी या गोष्टीचं नवल कमी झालेलं नाही. भर बाजारात, सगळ्यांसमोर, दोन अनोळखी माणसं गुपित तयार करू शकतात. माणसाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच शक्य झालं.

यात एक खोच आहे. मी ज्याच्याशी आकडे बदलतोय तो तुम्हीच कशावरून? मधल्या ऑपरेटरने माझ्याशी 'मी तो आहे' म्हणून आणि तुमच्याशी 'मी हा आहे' म्हणून वेगवेगळे आकडे ठरवले तर ती दोन्हीकडचं उघडून वाचेल आणि पुन्हा बंद करून पाठवेल. म्हणून प्रत्येक व्हीपीएनमध्ये आधी ओळख पटवावी लागते. कधी प्रमाणपत्राने, कधी आधी देऊन ठेवलेल्या किल्लीने, कधी पासवर्डने. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण सगळा डोलारा तिच्यावर उभा असतो.

गणित १९७६ ला तयार होतं, इंटरनेट १९९५ च्या आसपास घराघरांत पोचायला लागलं, मग सगळं लगेच सुरक्षित का झालं नाही? कारण सरकारं. अमेरिकेत मजबूत एन्क्रिप्शन कायद्याने शस्त्रांच्या यादीत होतं. तोफा, दारूगोळा आणि त्यांच्या पंगतीत गणित. परदेशी पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये साधारण ४० बिटांची किल्ली चालायची. ४० बिट म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड, पण जानेवारी १९९७ मध्ये इयन गोल्डबर्ग या विद्यार्थ्याने बर्कलीतले २५० कॉम्प्युटर लावून अशी किल्ली साडेतीन तासांत शोधून दाखवली. पुढच्याच वर्षी, जुलै १९९८ मध्ये, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने अडीच लाख डॉलरच्या आत एक खास यंत्र बांधलं आणि ५६ बिटांची डीईएस किल्ली ५६ तासांत फोडली. एक संस्था हे करू शकते तर सरकारं काय करू शकत असतील, हे त्यांना जगाला दाखवायचं होतं. जानेवारी २००० मध्ये अमेरिकेने निर्यातीचे नियम बरेच सैल केले.

आपणही मागे नव्हतो. १९९८ नंतर खाजगी कंपन्यांना इंटरनेट सेवेचे परवाने मिळाले, त्यांत ग्राहकांसाठी ४० बिटांची मर्यादा होती. त्याहून मोठी किल्ली वापरायची तर परवानगी घ्या आणि किल्ली सरकारकडे ठेवा. गंमत म्हणजे २००१ मध्ये मुंबईतूनच रिझर्व्ह बँकेने इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिट वापरायला सांगितलं. म्हणजे एका सरकारी दारावर 'कुलूप छोटंच लावा' आणि दुसऱ्यावर 'मोठंच लावा'. लोकांनी अर्थातच मोठं लावलं आणि कोणी काही बोललं नाही. आपल्या देशाची ही पद्धत एका अर्थाने फार शहाणपणाची आहे.

या ओढाताणीतच व्हीपीएन घडलं. १९९३ मध्ये जॉन आयोनिडिस आणि मॅट ब्लेझ यांनी 'स्वाइप' नावाचा प्रयोग करून पॅकेटच सील करून पाठवायची कल्पना राबवली. ऑगस्ट १९९५ मध्ये आयपीसेक नावाच्या मानकाचा पहिला मसुदा आला, १९९८ मध्ये सुधारित. १९९६ मध्ये जॉन गिलमोरने फ्री-स्वान हा प्रकल्प सुरू केला. इंटरनेटवरची बहुतांश वाहतूक आपोआप सील व्हावी, कोणाला काही करावंच लागू नये, हे त्याचं स्वप्न. अमेरिकी कायद्याच्या कचाट्यात अडकू नये म्हणून त्यात अमेरिकन माणसाने लिहिलेली एकही ओळ घ्यायची नाही, असा दंडक होता. स्वतः पैसा घालणारा गिलमोर अमेरिकन! २००४ मध्ये तो प्रकल्प थांबला. त्याचं स्वप्न त्या रूपात पुरं झालं नाही, पण त्याचा कोड इतर प्रकल्पांत जगला.

आयपीसेक भक्कम होतं, पण भयंकर गुंतागुंतीचं. समितीने बनवलेलं असल्यामुळे प्रत्येकाचं मन राखलेलं. मायक्रोसॉफ्टने काही कंपन्यांबरोबर १९९६ मध्ये पीपीटीपी आणलं, ते विंडोजमध्येच मिळायचं. चार क्लिकमध्ये चालू. म्हणून ते सगळीकडे पसरलं. पण १९९८ मध्येच ब्रूस श्नायर आणि 'मज' या टोपणनावाने ओळखला जाणारा पीटर झाटको यांनी मायक्रोसॉफ्टच्या पीपीटीपीमधल्या त्रुटी जाहीर केल्या. त्यावर केलेली डागडुजीही पुरली नाही. २०१२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी दाखवलं की तिची सगळी सुरक्षा शेवटी एका ५६ बिटी डीईएस किल्लीवर येऊन ठेपते, आणि ती एका दिवसाच्या आत फुटते. चौदा वर्षांपूर्वी फुटलेलंच कुलूप!

मी नोकरीला लागलो ते याच काळात, पुण्यात. परदेशी ग्राहकाच्या मशीनवर लॉगिन करायला एक छोटं टोकन दिलेलं असायचं. त्यावरचा आकडा दर मिनिटाला बदलायचा. रात्री अकरा वाजता पानशेतकडून येणाऱ्या पावसाने वीज गेलेली, यूपीएस बीप करतंय, आणि मी तो आकडा बदलायच्या आत टाइप करतोय, हे चित्र माझ्या पिढीतल्या अनेकांना ओळखीचं वाटेल. अमेरिकेतल्या गोदामात किती खोकी आहेत हे कोथरूडमध्ये बसून पाहता येत होतं, ते या बोगद्यामुळे. आपल्याकडच्या आयटी उद्योगाबद्दल बोलताना इंग्रजी, गणित, स्वस्त पगार सगळ्याची चर्चा होते. या सील केलेल्या पाकिटांची फारशी होत नाही.

२००१ मध्ये जेम्स योनान नावाचा प्रोग्रॅमर मध्य आशियात भटकत होता आणि तिथूनच कामही करत होता. आपलं बोलणं कुठल्याकुठल्या देशांतल्या इंटरनेट कंपन्यांमधून जातंय याची त्याला काळजी वाटली. हाताशी असलेले पर्याय एकतर फार किचकट नाहीतर कच्चे. म्हणून त्याने स्वतःच ओपनव्हीपीएन लिहिलं आणि फुकट देऊन टाकलं. पुढे दोन दशकं जगातल्या असंख्य कचेऱ्या आणि माणसं त्यावर चालली. नंतर जेसन डोनेनफेल्डने वायरगार्ड लिहिलं. त्याचा मुख्य गुण म्हणजे छोटेपणा. मूळ कोड सुमारे ४ हजार ओळींचा, म्हणजे एखादा जाणकार माणूस बसून पूर्ण वाचू शकेल एवढा. आधीच्या साधनांचा कोड याच्या कितीतरी पट मोठा होता, आणि जे कोणी पूर्ण वाचूच शकत नाही त्यात चूक लपायला जागा असते.

वायरगार्ड लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत आलं, ते २९ मार्च २०२० ला. तारीख ओळखीची वाटते ना? त्याच आठवड्यात आपल्याकडे लॉकडाऊन सुरू झालं होतं. दूरसंचार खात्याने त्याच महिन्यात नियम शिथिल करून घरून काम करणाऱ्यांना सुरक्षित व्हीपीएन वापरायची मोकळीक दिली. ज्या गोष्टीला पूर्वी अर्ज-परवानग्या लागायच्या ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर आली. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये लोक लंडनच्या बँकांची कामं करत होते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. वर सांगितलं ते कचेरीचं व्हीपीएन. तिथे दारवान आपल्याच कचेरीचा होता. आज यूट्यूबवर ज्याच्या जाहिराती दिसतात, त्या व्हीपीएनमध्ये दारवान एक अनोळखी कंपनी असते. तुमचं पोस्टकार्ड ती पाकिटातून काढते आणि स्वतःच्या पत्त्यावरून पुढे टाकते. तुमच्या इंटरनेट कंपनीला तुम्ही कुठे जाता ते दिसत नाही, हे खरं. पण दारवानाला दिसतं. म्हणजे विश्वास नाहीसा झाला नाही. एका दुकानातून उचलून दुसऱ्या दुकानात ठेवला. पहिलं दुकान निदान तुमच्या गावात आहे, त्याचा परवाना आहे, तक्रार करायला जागा आहे. दुसरं कुठल्या बेटावर नोंदवलेलं आहे आणि कोणाच्या मालकीचं आहे, हे बघितलंत का?

२८ एप्रिल २०२२ ला आपल्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने आदेश काढला, की अशा व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता वगैरे माहिती किमान पाच वर्षं जपून ठेवावी. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला यातून वगळलं. 'आम्ही कसलीच नोंद ठेवत नाही' हे ज्यांचं ब्रीद होतं त्या काही कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. सरकारचं म्हणणं गुन्हेगार सापडायला हवेत. कंपन्यांचं म्हणणं साठवलेली माहिती कधीतरी गळतेच. मला दोन्हीत तथ्य वाटतं. पण हा वाद आत्याच्या चिठ्ठीचाच आहे, एवढं नक्की. कोण कोणाशी कधी बोललं याची वही कोणाकडे असावी?

आणि मुनीमाची गोष्ट? मे २०२१ मध्ये अमेरिकेत कलोनियल पाइपलाइन या कंपनीची तेलवाहिनी काही दिवस बंद पडली, पंपांवर रांगा लागल्या, आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी दिली. चोर आत शिरले ते एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्यातून. पासवर्ड कुठूनतरी फुटलेला होता आणि दुसरी खातरजमा विचारलीच जात नव्हती. बोगदा शाबूत होता, किल्ली गेली होती.

तेव्हा काकांसाठी: बँकेच्या वेबसाइटवरचं तुमचं बोलणं आजकाल व्हीपीएनशिवायही सील झालेलंच असतं, पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असतं ते त्यासाठीच. कॅफेच्या वायफायवरचा माणूस तुमचा पासवर्ड वाचतोय, ही जाहिरातीतली भीती पूर्वी जेवढी खरी होती तेवढी आता नाही. ओटीपी विचारणाऱ्या फोनपासून तर कुठलंच व्हीपीएन वाचवत नाही, कारण तिथे किल्ली आपणच हातात देतो. मामेभावासाठी: फुकटचं व्हीपीएन घेऊ नकोस. दारवानाला पगार कोण देतं हे कळत नसेल तर तो आपली पत्रं वाचून पोट भरत असण्याची शक्यता धरावी. आणि भाचीसाठी: विद्यापीठ देतं ते व्हीपीएन जरूर वापर. तिथे दारवान कोण आहे हे तुला माहीत आहे, आणि ग्रंथालयातली जर्नल्स घरून वाचता येतात ती त्यामुळेच.

असो. लांबलं. तुमच्यापैकी कोणाच्या घरी तारेची किंवा ट्रंक कॉलची अशी ठरलेली भाषा होती का? असेल तर लिहून ठेवा. तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, त्या भाषा जाणणारी माणसंही आता थोडीच उरली आहेत, आणि ते संकेत कुठल्याच सर्व्हरवर सापडणार नाहीत.